सुरांची क्यू

माणसांना क्यूत उभं करण्यात माझी बँकेतली वीस वर्षं गेली. त्यामुळे क्यू या विषयावर बोलायचा अधिकार निदान मला तरी आहे. पण परवा सांगलीला माझ्या भाच्यानं एक बटण दाबून दोन-अडीचशे सुरांना डोळ्यांदेखत क्यूत उभं केलं आणि माझा तोल गेला.

साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन बहिणीकडे गेलो होतो. भाचा माडीवर कॉम्प्युटरवर भक्तिगीतांचं संगीत करतो. गणपती जवळ आले की त्याला जेवायलाही फुरसत नसते. मला बघताच म्हणाला, "मामा, मिडी एडिटिंगचा स्पीड दुप्पट झाला! सगळे शॉर्टकट बसवले."

हे मिडी प्रकरण मला पाच मिनिटांत कळलं, कारण मी तेच रोज हाताळतो. मिडीत आवाज नसतोच. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली, एवढीच नोंद. म्हणजे नुसतं व्हाउचर; रोकड दुसरीकडे. १९८३ साली अमेरिकन आणि जपानी वाद्यकंपन्यांनी एकमेकांची व्हाउचरं वटवायला सुरुवात केली, ती आजही वटतात. जोराला १ ते १२७ पायऱ्या आहेत. आमच्या पगाराला एवढ्या नाहीत. असो, सोय उत्तम आहे.

माझं भांडण आहे ते 'क्यू'शी. बऱ्याच सॉफ्टवेअरांत हे अक्षर दाबलं की प्रत्येक सूर जवळच्या मात्रेच्या रेघेवर जाऊन उभा राहतो. भाचा लहानपणी आठ वर्षं पेटी शिकलाय. त्यानं मुखडा वाजवला तेव्हा तिसरा सूर जरा रेंगाळत आला, आणि त्या रेंगाळण्यातच सगळी गंमत होती. मग त्यानं क्यू दाबला. झालं! मस्टरवर सगळ्यांच्या सह्या, आणि काम कोणीच करत नाही.

"बघा, कसं सरळ झालं!"

"सरळ झालं रे, पण मघाशी ते गाणं होतं."

"मग हे घ्या," म्हणून त्यानं 'ह्यूमनाइझ' नावाचं दुसरं बटण दाबलं. त्यानं सूर पुन्हा थोडे थोडे इकडेतिकडे होतात. म्हणजे आधी चुका काढायचं बटण आणि मग चुका घालायचं बटण! खऱ्या नोटा जाळायच्या आणि हुबेहूब दिसाव्यात म्हणून खोट्या चुरगाळायच्या, असला हा व्यवहार. तबलजी समेवर जरा उशिरा येतो तो समजून येतो. हे यंत्र फासे टाकतं.

"मामा, एका गाण्याचे पैसे ते किती! रात्रीपर्यंत द्यायचंय. सतारवाला कुठून आणू?"

इथे मी जरा वरमलो. त्याचं खरं होतं. पण लागलं ते वेगळ्याच ठिकाणी. मिरज तिथून दहा किलोमीटर! जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, ते मिरज. आणि हा पोरगा सतारीची एक मींड माउसनं रेघा ओढत दीड तास काढत बसलेला. सूर वाकवायचं ते चाक सहसा दोन-दोन अर्धस्वरांपुरतंच लावलेलं असतं. सतारिया एकाच पडद्यावर तार ओढून चार-चार सूर काढतो.

मी कॉमर्सवाला, हिशेब मांडला. वाजवायला चार मिनिटं, दुरुस्तीला तीन तास. शॉर्टकटांनी तीनाचे दीड झाले. मी म्हणतो, पुन्हा वाजव की! तीनदा वाजवलंस तरी बारा मिनिटं. बोचणारा एखादा सूर हातानं सरकव. क्यू दाबायचाच असेल, तर त्याचा जोर पन्नास टक्के ठेव. सूर रेघेकडे निम्मेच सरकतील.

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"तू चहा आणायला गेलास तेव्हा पडद्यावर शंभर टक्के लिहिलेलं दिसलं. बँकेतला माणूस टक्के दिसले की थांबतोच."

त्यानं तोंड वाकडं केलं, पण वाजवलं. तिसऱ्या खेपेला तो सूर पुन्हा रेंगाळत आला. खालून बहीणसुद्धा म्हणाली, "आता बरं वाटतंय." भाच्याचं बोट सवयीनं क्यूकडे निघालं. मी त्याच्या हातात पेढा ठेवला.