शिष्यवृत्तीची यादी लागते, पण कधी?

परदेशी शिष्यवृत्तीची जाहिरात आली की आमच्या पेपरात मी बातमी लावतो. मग बारावीच्या पोरांचे फोन सुरू. "दादा, हा फॉर्म मला भरता येईल का?" नाही येणार. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती घ्या की केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. बारावीनंतर थेट जायचं तर बापाने जमीन गहाण टाकायची. (जमीन असली तर.)

बरं, पदवी इथं करून अर्ज केला आणि नंबर लागला, तरी सुटका नाही. ब्रिटनच्या व्हिसाला पैसे सलग 28 दिवस खात्यात दाखवावे लागतात, नाहीतर शिष्यवृत्तीचं अधिकृत पत्र. कोर्स सप्टेंबरात सुरू होतो. यादीच उशिरा लागली तर पत्र कुठून आणायचं? 2025 ला केंद्राच्या योजनेत 106 जण निवडले आणि आधी पत्रं दिली फक्त 40 जणांना. बाकीच्यांना सांगितलं, निधी असेल तर बघू!

बाबासाहेब 1913 ला अमेरिकेला गेले ते सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडांवर. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून 1917 ला परतावं लागलं. परत जायला 1920 उजाडलं. जयंतीच्या भाषणात हे सगळे पुढारी सांगतात.

तर साहेब, यादी मे महिन्यात लावा, आणि पदवीसाठी निदान दहा जागांनी सुरुवात करा. आमदारांना टॅग केलंय. उत्तर आलं की इथंच टाकतो.