यंत्राला नोंदवही वाचावयास शिकविताना

शेतकऱ्याच्या प्रश्नास उत्तर देणारी यंत्रे आता खेड्यापर्यंत येऊन पोहोचली आहेत. केंद्र सरकारने 2023 साली पीएम-किसान योजनेसाठी 'किसान ई-मित्र' सुरू केला. आपल्या राज्याच्या कृषी विभागाचे 'महाविस्तार' ॲप 2025 साली आले. अशा साधनांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु उत्तर गोड भाषेत मिळाले म्हणजे ते बरोबरच असते, असे नव्हे. म्हणून हे उत्तर कसे तयार होते, हे ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राच्या स्वतःच्या शिक्षणात आपल्या गटाचे क्षेत्र किंवा पिकाची नोंद नसते. ती पाहण्यासाठी त्याला सरकारी माहितीसाठ्यात शोध घेणारे एक साधन द्यावे लागते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या संकेतानुसार अशा साधनासोबत त्याचे नाव, त्याचे वर्णन आणि त्यास पुरवावयाच्या माहितीचा तपशील लिहिलेला असतो. यंत्राचा मुख्य वाटाड्या म्हणजे एवढ्या चार ओळी. त्या ओळी केवळ संगणकतज्ज्ञाने न लिहिता नोंदवही रोज हाताळणाऱ्याने त्याच्या शेजारी बसून लिहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या तालुक्याच्या नावाचेच उदाहरण घेऊ. शिरूर नावाचा एक तालुका पुणे जिल्ह्यात आहे, शिरूर अनंतपाळ लातुरात आणि आपले शिरूर कासार बीडमध्ये. शेतकरी बोलताना नुसते 'शिरूर' म्हणतो. वर्णनात 'तालुक्याचे नाव द्यावे' एवढेच असेल, तर सिंदफणाकाठच्या कोरडवाहू कापसाला घोडनदीकाठचा सल्ला मिळावयाचा. पुण्याच्या शेतीस राहुरीच्या विद्यापीठाच्या शिफारशी लागू, तर आपल्यास परभणीच्या. म्हणून 'जिल्हा, तालुका व गाव ही तिन्ही नावे घ्यावीत. एकही कमी असल्यास अंदाज न करता शेतकऱ्यास विचारावे,' असे तेथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट मापाची. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते; शेतकरी एकर व गुंठे बोलतो. 0.80 म्हणजे ऐंशी आर, अर्थात् सुमारे दोन एकर. यंत्राने तेच 0.80 एकर मानले, तर खताची मात्रा निम्म्याहूनही कमी निघेल. पोटखराब्याचे क्षेत्र कोणत्या आकड्यात धरले आहे, हेही सांगावयास हवे. पावसाचा आकडा महसूल मंडळातील केंद्राचा असतो, बांधावरचा नव्हे. हे एक वाक्य वर्णनात नसल्यास यंत्र तो आकडा शेतकऱ्याच्या शेतातला म्हणून सांगेल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट रिकाम्या उत्तराची. ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर सुरू आहे. एखाद्या गटावर कापसाची नोंद सापडली नाही, तर त्याचे अर्थ अनेक होतात: कापूस पेरलाच नाही, पेरला, पण पाहणी नोंदविली नाही, गट क्रमांकाचा पोटहिस्सा चुकला, अथवा माहितीसाठ्याशी संपर्कच झाला नाही. 'नोंद नाही' आणि 'पीक नाही' यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 2025 च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीसारख्या प्रसंगी ज्याचे पीक वाहून गेले, त्यास यंत्राने 'आपले पीक नव्हते' असे सांगावे, याहून मोठा अन्याय कोणता? तो बिचारा अर्जच करणार नाही, आणि मुदत निघून जाईल. म्हणून प्रत्येक रिकाम्या उत्तराचे कारण साधनाने वेगळे कळवावे आणि शेतकऱ्याने पुढे कोणाकडे जावे, हेही त्यात असावे.

कोणी म्हणेल, यंत्र हुशार आहे, ते समजून घेईल. हुशार परंतु गावात नवख्या कर्मचाऱ्यासही आपण पहिल्या दिवशी दप्तर समजावून देतोच. आणखी एक आक्षेप असा, की फार लांब वर्णनाने यंत्र गोंधळते. तो खरा आहे. म्हणून वर्णन थोडके, पण नेमके असावे. साधन केवळ वाचणारे आहे की नोंद बदलणारेही आहे, हे त्यात प्रथम यावे. आधार क्रमांकासारखी खाजगी माहिती कामापुरतीच मागावी.

यासाठी सहायक कृषी अधिकारी व ग्राम महसूल अधिकारी यांनी शेतकरी जसे विचारतात तसेच प्रश्न त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावेत व वर्णन लिहिणाऱ्यांपर्यंत पोहोचवावेत. त्या प्रश्नांवर साधनाची परीक्षा घेऊन मगच ते गावात आणावे. शेतकरी बंधुभगिनींनीही यंत्राचे उत्तर आपल्या उताऱ्याशी ताडून पाहावे व तफावत आढळल्यास त्वरित कळवावी. बियाणे पेरण्यापूर्वी आपण उगवणशक्ती तपासतो; सल्ला अंगीकारण्यापूर्वीही तेवढी दक्षता घेणे आपल्याच हिताचे आहे.