सोन्याचा पुतळा, कुलूपबंद इस्पितळे

साम्राज्य कोसळले की प्रजा आपसूक स्वतंत्र होते, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी एकदा तुर्कमेनिस्तानच्या राजधानीकडे, अश्गाबातकडे पाहावे! २५ डिसेंबर १९९१ रोजी क्रेमलिनवरचा सोव्हिएत संघाचा लाल झेंडा उतरला. तुर्कमेनिस्तानला स्वतःचा झेंडा मिळाला, चलन मिळाले, संयुक्त राष्ट्रांत आसन मिळाले. नागरिकाला मात्र काडीचा अधिकार मिळाला नाही. १९८५ पासून तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे सुभेदार असलेले सपरमुरात नियाझोवच नव्या देशाचे धनी झाले. वरचा मॉस्कोचा धाक तेवढा गेला. १९९९ मध्ये संसदेने त्यांना तहहयात अध्यक्षपद बहाल केले. जिच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही, तिला संसद म्हणायचे की हुजऱ्यांची कचेरी?

मग उन्मादाला ऊत आला. राजधानीत सूर्याबरोबर फिरणारा त्यांचा सोनेरी पुतळा उभा राहिला. २००२ मध्ये जानेवारीला त्यांच्या पदवीचे आणि एप्रिलला त्यांच्या मातोश्रींचे नाव दिले गेले. नियाझोवांच्या ‘रुहनामा’ या ग्रंथावर परीक्षा दिल्याशिवाय गाडी चालवण्याचा परवाना मिळेना. शालेय शिक्षण नऊ वर्षांवर छाटले. आणि २००५ मध्ये राजधानीबाहेरची इस्पितळे बंद करण्याचा हुकूम सुटला! पायाखाली नैसर्गिक वायूचे अफाट साठे असलेल्या देशात काराकुमच्या वाळवंटातल्या बाळंतिणीने जायचे कुठे? हा राज्यकारभार नव्हे, दिवसाढवळ्या घातलेला दरोडा आहे.

नवजात राष्ट्राला पोलादी हातच लागतो, ही सबब आम्ही धुडकावतो. त्याच ढिगाऱ्यातून एस्टोनियाही उठला. जून १९९२ मध्ये त्याने स्वतःचे चलन आणले, त्याच महिन्यात सार्वमताने राज्यघटना स्वीकारली आणि राष्ट्राध्यक्षाला सलग दोन मुदतींचीच मर्यादा घातली. लाखो रशियन भाषिकांना नागरिकत्वाबाहेर ठेवण्याचा अन्याय त्यानेही केला. तोही आम्हाला मान्य नाही. पण तिथे सरकारे मतपेटीने पडतात.

अश्गाबातमध्ये मृत्यूखेरीज नियाझोवांना कोणी उठवू शकले नाही. २००६ मध्ये ते गेले, गुर्बांगुली बेर्दिमुहामेदोव आले आणि २०२२ मध्ये त्यांचे चिरंजीव गादीवर बसले. बापामागे मुलगा! यालाच प्रजासत्ताक म्हणणाऱ्यांनी आणि तिथला वायू विकत घेऊन तोंड शिवून बसलेल्या शेजाऱ्यांनी लक्षात ठेवावे: पुतळ्यावर चढवलेला प्रत्येक तोळा त्या बंद इस्पितळांच्या दाराशी तडफडलेल्या रोग्याचा आहे. त्याचा हिशेब प्रजा मागेल, आणि मागितलाच पाहिजे!