शाल पुरे, भाडेपावतीवर नाव द्या!

मार्चची आठ तारीख जवळ आली की गिरगावापासून लालबागपर्यंत नाक्यानाक्यांवर नारीशक्तीचा गौरव करणारे फलक झळकू लागतात. शाल, श्रीफळ, पाककृती स्पर्धा, एखाद्या गरजू भगिनीला शिलाई यंत्र, क्वचित कराटेचे शिबिर आणि शेवटी अल्पोपाहार. या कार्यक्रमांसाठी राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या निष्ठेविषयी तिळमात्र शंका नाही. चाळीतल्या गृहिणीला चूल-मोरीपासून दोन तास दूर नेऊन व्यासपीठावर बसविणे हेही थोडे नव्हे. पण ज्या भगिनीच्या गळ्यात आपण हार घालतो, ती सभागृहातून ज्या खोलीत परत जाते, ती खोली कोणाच्या नावावर आहे, हे आपण कधी विचारले आहे काय?

स्त्रीच्या स्वावलंबनाचे दोन उत्तम धडे याच वस्तीने देशाला दिले आहेत. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातील लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. त्यांतूनच 'लिज्जत' उभे राहिले आणि त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पापडाच्या चवीचे कौतुक सारेच करतात. संस्थेच्या नियमाचे फारसे कोणी करीत नाही. तेथे लाटणारी प्रत्येक भगिनी मालक आहे, नफा-तोटा सर्वांचा आहे आणि पुरुषाला नोकरी मिळू शकते, सदस्यत्व नाही.

दुसरा धडा गिरणगावातला. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकामुले गावी ठेवून गाळ्यात दाटीवाटीने राही आणि खानावळवाल्या बाईकडे जेवे. पैसे पगार झाल्यावर; तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज तिने सोसायचे. संप झाला तरी ताट बंद होत नसे, मग तिच्या अंगावरचे किडूकमिडूक गहाण पडे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अशा 14 महिलांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू झाले. तारण ठेवायला काही नव्हते, म्हणून बायकाच एकमेकींना जामीन राहिल्या. प्रेमाताई गोवा मुक्तिलढ्यातल्या आणि पुढे लाल बावट्याखाली वाढलेल्या. त्यांचा विचार आपला नव्हे. पण चांगल्या कामाचे श्रेय देताना झेंड्याचा रंग पाहण्याची आपली रीत नसावी.

या दोन्ही ठिकाणी बाईला दया मिळाली नाही, भांडवल मिळाले, आणि हिशेबाची वही तिच्या हाती आली. आज गिरगाव, परळ, लालबागमधल्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे सर्वांत मोठे भांडवल कोणते? पापड नव्हे, खानावळ नव्हे. दहा बाय बाराची ती खोली!

1969 मध्ये मोजल्या गेलेल्या मुंबईतील उपकरप्राप्त इमारती होत्या 19,642. त्यांतल्या हजारो आजही पुनर्विकासाची वाट पाहत आहेत. जुनी चाळ पाडली की भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते आणि पिढ्यान्‌पिढ्या भाडे भरणारे कुटुंब एका सहीने कोटीच्या मालमत्तेचे धनी होते. पण ही सही कोणाची? संमतीपत्र भाडेकरूचे, पर्यायी निवासाच्या भाड्याचा धनादेश भाडेकरूच्या खात्यात, कायम पर्यायी जागेचा करार भाडेकरूशी, पुढे सोसायटीचे भागपत्रही त्याच्याच नावाचे. आणि भाडेपावतीवर नाव असते नवऱ्याचे, नाहीतर दिवंगत सासऱ्यांचे! तीस वर्षे चाळीच्या नळावर पहाटे पाणी भरणाऱ्या बाईचे नाव या कागदांच्या गठ्ठ्यात कोठेही सापडत नाही.

भाडेकरू वारला तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातील सदस्य भाडेकरू ठरतो. कोण, याविषयी एकमत नसेल तर न्यायालय ठरविते. म्हणजे विधवेने दीर आणि मुलगे यांच्याशी एकमत करावे किंवा न्यायालयाचे जिने चढावेत. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिला घरात राहण्याचा हक्क देतो, हे खरे आणि महत्त्वाचे आहे. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. घरच पाडले गेले आणि भाड्याचा धनादेश घेऊन नवरा बारमध्ये जाऊन बसला, तर ती कोणत्या दारावर थाप मारणार? महिलांच्या सुरक्षिततेची व्याख्याने रात्रीच्या लोकलपाशी सुरू होतात आणि तेथेच संपतात, म्हणून हे खडसावून सांगावे लागते.

गंमत अशी की झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे देण्याचा नियम आहे. झोपडीतल्या भगिनीला शासनाने जे दिले, ते सुशिक्षित, सुसंस्कृत म्हणविणाऱ्या चाळकऱ्यांनी आपल्या गृहलक्ष्मीला आपण होऊन देऊ नये?

यावर 'ही पाश्चात्त्य स्त्रीमुक्तीची थेरे आहेत' असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी विज्ञानेश्वरांची 'मिताक्षरा' उघडावी. चालुक्यांच्या कल्याणीत बसून नऊशे वर्षांपूर्वी या पंडिताने स्त्रीधनाचा अर्थ एवढा विस्तारला की वारशाने, खरेदीने वा वाटणीने आलेली संपत्तीही त्यात धरली. विभक्त आणि निपुत्रिक पुरुषाच्या वारसांत याज्ञवल्क्यांनी पहिला मान पत्नीला दिला आहे. पुढच्या काळात व्यवहारात तो हक्क आकसत गेला आणि 1956 च्या कायद्याने तिला संपूर्ण मालकी मिळेपर्यंत वाट पाहावी लागली, हा दोष आपल्या समाजाचा. त्याचे खापर परंपरेवर फोडू नये आणि परंपरेच्या आड लपूही नये.

'नावे लावली की घरे फुटतील', हा दुसरा आक्षेप. घर फुटते ते दारूने, कर्जाने, भावाभावांच्या दाव्यांनी. दोन नावे असलेले घर एकाला परस्पर विकता किंवा गहाण टाकता येत नाही. कुटुंबव्यवस्थेला याहून भक्कम कुंपण कोणते? 'नॉमिनी म्हणून तिचेच नाव दिले आहे,' असे कित्येक गृहस्थ छातीठोकपणे सांगतात. नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीने सांभाळणारा, मालक नव्हे, एवढे तरी त्यांनी एखाद्या वकिलाला विचारून घ्यावे.

भाडेपावतीत नाव वाढवायचे म्हटले की घरमालक पैसे मागतो, ही अडचण खरी आहे. पर्यायी जागेच्या करारात पत्नीचे नाव घालायला मात्र सदस्यांचा आग्रह आणि समितीचा ठराव पुरे. विकासकाला दोन नावांनी एक चौरस फूटही जास्त द्यावा लागत नाही. करार एकदा नोंदला गेला की दुरुस्तीला पुन्हा दस्त, पुन्हा खर्च आणि पुन्हा नवऱ्याची मनधरणी.

म्हणून येत्या मार्चमध्ये मंडळांनी शालींचा खर्च वाचवून एक जाणता वकील बोलवावा. ज्या चाळींची बोलणी चालू आहेत तेथील महिलांना घरची भाडेपावती आणि कराराचा मसुदा घेऊन यायला सांगावे. आणि संयुक्त नावाच्या अर्जावर पहिली सही मंडळाच्या अध्यक्षांनी, स्वतःच्या खोलीपुरती, तेथेच सर्वांसमक्ष करावी.