‘चालतंय ना!’

एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. अभियांत्रिकीच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात तो नसेल असं होत नाही. तो ५ व्होल्टवर चालतो आणि इको पिनवर ५ व्होल्टच बाहेर टाकतो. अर्डुइनो युनोला ते पचतं. आता युनोच्या जागी रास्पबेरी पाय किंवा ईएसपी३२ आला. त्यांच्या पिना ३.३ व्होल्टच्या. वायर मात्र अजून थेटच! हटकलं की उत्तर तयार: ‘सर, चालतंय ना!’

चालतं, कारण बहुतेक चिपांमध्ये पिनेच्या आत एक इवलासा डायोड असतो. पिनेवरचं व्होल्टेज पुरवठ्याच्या वर अर्ध्या-पाऊण व्होल्टने चढलं की तो जादा करंट चिपच्या पुरवठ्याच्या लाइनीत ढकलतो. त्याची नेमणूक हाताळताना बसणाऱ्या स्टॅटिक विजेच्या क्षणिक झटक्यापुरती. आपण त्याला कायमचं कामाला जुंपतो.

पिन तिथल्या तिथे जळली तर बरंच म्हणायचं, निदान दोष कळतो. आयटूसी लाइनीचे पुल-अप ५ व्होल्टला बांधलेले असतील आणि बोर्डाचा पुरवठा बंद असेल, तर याच डायोडच्या चोरवाटेने चिपला वीज मिळत राहते. चिप धड बंद नाही, धड चालू नाही. पुन्हा सुरू करावी तर नीट रीसेटही होत नाही. आणि मुलं रात्रभर कोडमध्ये चूक शोधतात.

इकोच्या वाटेत १ किलोओहम, पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहम, की सांध्यावर ३.३३ व्होल्ट. दोन रेझिस्टर, कटिंग चहाहून स्वस्त. आयटूसीत सिग्नल दोन्हीकडून येतो-जातो, तिथे हा विभाजक निरुपयोगी. बीएसएस१३८ मॉस्फेट आणि दोन्ही बाजूंना पुल-अप लावावे लागतात. तोंडी परीक्षा घेणाऱ्यांनी कोड पाहण्याआधी आकृतीत हे शोधावं.

‘आमची चिप ५ व्होल्ट सोसते’ हा दावाही पिनेगणिक तपासायचा असतो. एसटीएम३२एफ१०३ च्या डेटाशीटमध्ये ती मुभा असलेल्या पिनांपुढे ‘एफटी’ छापलेलं असतं. पीए८ पुढे ते आहे, पीए७ पुढे नाही.