काजळ ओघळले, त्याचा हिशेब



एप्रिल महिन्यातली गोष्ट. तिरोडा तालुक्यातल्या एका खेड्यात लग्न होते. दुपारचे साडेबारा वाजलेले, वर पत्र्याचा मांडव आणि खाली माणसांची दाटी. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. वधूवरांनी एकमेकांना हार घातले, टाळ्या झाल्या. फोटोसाठी दोघे उभे राहिले तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आले, की नवरीच्या डोळ्यांखाली काळे ओघळ उतरले आहेत. तिने रुमालाने पुसले, तर ते गालभर पसरले. एक काळा थेंब पांढऱ्या साडीवर पडला तो पडलाच. सायंकाळी पाठवणीपर्यंत डोळे लाल झाले आणि दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या.

त्या नवरीला सजवणारी मुलगी आमच्या बचत गटातल्या एका बाईची लेक. बारावी झाली, ब्युटी पार्लरचा कोर्स केला आणि गटातून आठ हजारांचे कर्ज घेऊन सामानाची पेटी घेतली. त्या कर्जाला जामीन म्हणून सही माझी आहे. ठरलेल्या साडेतीन हजारांपैकी हजार रुपये तिला आगाऊ मिळाले होते. राहिलेले अडीच हजार नवरीच्या घरच्यांनी दिले नाहीत. आणि पैशापेक्षाही वाईट म्हणजे, "तिला बोलवू नका, डोळे खराब करते," ही बातमी गावोगावी गेली. मे महिन्यातल्या दोन लग्नांची कामे हातची गेली.

एका संध्याकाळी ती पेटी घेऊन माझ्याकडे आली. "जयभीम मावशी," म्हणाली आणि रडायलाच लागली. "काहून झालं असं? चांगल्या दुकानातून आणलं होतं. जेल आहे, पाण्यानं जात नाही म्हणून सांगितलं होतं."

मी विचारले, "तू ते आपल्या हातावर लावून पाहिलं होतं काय?"

तिने मान हलवली. पाहिले नव्हते.

मी बी. कॉम. झालेली कारकून बाई. सौंदर्यशास्त्र मला कळत नाही. पण जमाखर्च जुळत नसेल, तर एकेक पावती काढून तपासावी लागते, एवढे मला नोकरीने शिकवले आहे. आम्ही ठरवले, की रविवारी बसून हा हिशेब तपासायचा. शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले.

तपासायला चार वस्तू घेतल्या. पहिली, शेजारच्या आजीने एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले घरचे काजळ. दुसरी, काजळाची पेन्सिल. तिसरी, आठवडी बाजारातून घेतलेली पातळ आयलायनरची बाटली. तिच्यावर ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना मुदत. चौथी, तीच जेल आयलायनरची छोटी काचेची डबी, जिच्यातले नवरीला लावले होते. चारींच्या रेघा माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला ओढल्या. तिथली कातडी नाजूक असते. साबणाने धुतलेल्या कोरड्या हातावर एक रांग आणि चेहऱ्याची क्रीम चोळून तिच्यावर दुसरी रांग. तिसऱ्या बाटलीची रेघ डोळ्याजवळ नेलीच नाही. दहा मिनिटे वाळू दिले. मग दर दोन तासांनी पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा दाबून पाहायचा, किती डाग पडतो ते. मधल्या वेळात मी भांडी घासली, अंगणात कपडे वाळत घातले, घाम येऊ दिला.

आता वहीत काय आले ते सांगते. घरचे काजळ सर्वांत काळेभोर, पण तासाभरातच पसरले. त्यात तेल आहे; तेल ते वाळणार कसे? पेन्सिल घरात तीन तास टिकली, उन्हात जाताच मऊ पडली. बाजारातली बाटली पटकन वाळली आणि रेघेला भेगा गेल्या. पाण्याचा थेंब टाकला तर पापुद्रे सुटले आणि कापडावर काळ्याऐवजी निळसर डाग उतरला. म्हणजे वरून काळा दिसणारा रंग आत भलताच होता.

आणि जेल? कोरड्या हातावरची रेघ संध्याकाळी सहापर्यंत जशीच्या तशी. ओल्या कापडाने पुसली तरी हलली नाही. पण क्रीमवरची रेघ दुसऱ्या तपासणीलाच कडेने पाझरली होती. शेवटी कोरड्या हातावरच्या रेघेवर खोबरेल तेलाचे बोट फिरवले, तर आठ तास न हललेली रेघ बघता बघता विरघळली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जेल आयलायनरमध्ये काळा रंग असतो, बहुधा काळे लोह ऑक्साइड किंवा कार्बन, म्हणजे शुद्ध केलेली काजळीच. त्यासोबत मेण असते, उडून जाणारे द्रव असते आणि कातडीवर पातळ पापुद्रा धरणारा पदार्थ असतो. द्रव उडून गेले की पापुद्रा घट्ट बसतो. म्हणून वाळायला वेळ द्यावा लागतो. हा पापुद्रा पाण्याला दाद देत नाही, पण तेलापुढे हात टेकतो. खाली क्रीम असेल, तर तो धड बसतच नाही.

आता नवरीचे काय झाले ते उलगडले. पोरीने चेहऱ्याला लावलेली तेलकट क्रीम पापण्यांवरही चोळली होती. वऱ्हाड दाराशी आले म्हणून घाई होती, वाळायला वेळ दिलाच नाही. वर रेघ पापणीच्या केसांबाहेर न ठेवता डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेवरही ओढली होती. तिथे डोळ्याचे पाणी सतत वाहते. त्यात मांडवातला घाम आणि पाठवणीचे रडू. कोणतीही रेघ तिथे टिकली नसती.

पण सूज कशाने आली? मी डबी उजेडात धरली. जेल कडेने सुकले होते आणि मध्ये ओलसर होते. मी पोरीकडे पाहिले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सुकलं होतं मावशी. गुलाबपाणी टाकलं थोडं. आणि ब्रश... जिभेला लावून ओला केला."

"ब्रश धुतला होता काय?"

"याच्या आधीच्या दोन नवऱ्यांपासून नाही धुतला."

पाहा भगिनींनो! दोष शोधायला आम्ही बाजारात निघालो होतो, तो ब्रशावर आणि जिभेवर सापडला. डबीत पाणी गेले की जंतूंना घर मिळते. एकीच्या डोळ्याचे जंतू त्याच ब्रशाने दुसरीच्या डोळ्यात जातात. तोंडातले जंतू तर तोंडातच बरे. नवरीला तपासणाऱ्या डॉक्टरांनीही पापणीला जंतुसंसर्ग झाल्याचेच सांगितले होते. औषधाने आठ दिवसांत ती बरी झाली, हे नशीब.

या हिशेबात माझ्याही नावावर एक रक्कम लागते. जामीन म्हणून मी दर महिन्याला विचारत होते, "हप्ता भरला काय?" ती पेटी मात्र एकदाही उघडून पाहिली नाही. पोरगी धंद्याला लागली म्हणजे आपले काम संपले, असे मी धरून चालले. कर्ज मिळवून देणे सोपे असते. हातातले काम स्वच्छ आणि पक्के करायला शिकवणे, हे खरे कष्टाचे.

दुसऱ्या रविवारी आम्ही डोळ्यांवर लावायचे रंग, म्हणजे आयशॅडो, तपासले. तिच्या पेटीत जेलचे सहा रंग होते. ट्यूबलाइटखाली सगळेच छान दिसले. अंगणात उन्हात हात धरला, तेव्हा खरे रूप कळले. फिका गुलाबी आणि फिका आकाशी माझ्या सावळ्या हातावर राख फासल्यासारखे दिसत होते. तांबूस, विटकरी, मोरपंखी आणि गडद जांभळा हे रंग मात्र उठून आले. फिक्या रंगांत टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी जास्त असते, ती सावळ्या कातडीवर करडी दिसते. चमक येते ती अभ्रकाच्या चुऱ्याने. रंग जाड थापला तर पापणीच्या घडीत गोळा होतो. बोटाने पातळ लावून वर त्याच रंगाची कोरडी पावडर टेकवली, तर बराच वेळ टिकतो.

पोरीने सांगितले, की कोर्समध्ये चित्रे सगळी गोऱ्या बायांची होती. म्हणून तिने त्या नवरीला आधी गोरे करायचा प्रयत्न केला आणि मग फिका गुलाबी लावला. मला हे ऐकून वाईट वाटले. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द २०२० साली काढला गेला. डबीवरून शब्द गेला. आपल्या मनातून जायला किती वर्षे लागणार? उन्हात धानाची रोवणी करणाऱ्या मायच्या लेकीचा रंग हा झाकण्याचा डाग नाही. त्या रंगाला काय शोभते ते शोधणे, हीच सजवणारीची कला.

आम्ही शाळेत असताना गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला. तेव्हा आमच्या घरी काजळाची एक डबी सगळ्या बहिणींना पुरायची. 'लॅक्मे' १९५२ पासून देशात होती, पण आमच्या ओसरीपर्यंत ती पोचली नव्हती. आज गावातल्या दुकानातही जेलची डबी मिळते. माल आला ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच्यासोबत माहितीही यायला हवी.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही काही गोष्टी लिहिल्या, त्या तुमच्यासाठी देते.

खरेदी करताना बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि वापराची मुदत पाहा. डबी लहान असते म्हणून मजकूर खोक्यावर असतो. खोके फेकू नका. खोक्यावर उघड्या डबीचे चित्र आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा असेल, तर उघडल्यावर तितकेच महिने वापरायचे. उघडल्याची तारीख डबीवर लिहून ठेवा. बिल मागा. नकली माल वाटला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नवरीला लग्नाच्या दोन दिवस आधी भेटा. तिच्या हाताच्या आतल्या बाजूला रेघ ओढा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत खाज किंवा लाली येते का ते पाहा. रंग उन्हात पाहा. पापणीवर क्रीम नको. रेघ पापणीच्या केसांबाहेरच ठेवा. वाळेपर्यंत डोळे मिटलेले राहू द्या.

दर नवरीला ब्रश धुतलेला आणि कोरडा. जेल स्वच्छ काडीने थोडे बशीत काढून घ्या, डबीत ब्रश बुडवू नका. सुकलेल्या डबीत पाणी, गुलाबपाणी, थुंकी काही घालू नका. ती फेकून द्या. डोळे आलेल्या बाईला काजळ लावू नका, मग ती नवरी असली तरी. रात्री तेलाचा कापूस मिटल्या डोळ्यावर ठेवून हलकेच पुसा, घासू नका. सूज आली तर घरात उरलेले जुने थेंब घालू नका, डॉक्टरांकडे जा.

आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नका, घरचे असले तरी. बोटाने जंतू जातात. काही सुरम्यांत तर शिसे असते; पूर्वापार सुरमा ज्या दगडाचा करतात, तो शिशाचाच खनिज असतो. रंगासाठी शिशाची संयुगे वापरायला आपल्या कायद्यात बंदी आहे, पण पत्ता नसलेल्या पुडीला कायदा कोण विचारतो? शिसे बाळाच्या मेंदूला अपाय करते आणि त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. आजीची हौस असेल तर तीट पायाच्या तळव्याला लावा.

पोरगी नवरीच्या माहेरी स्वतः जाऊन आली. वही सोबत नेली, चूक आपलीच होती असे सांगितले, पैसे मागितले नाहीत. नवरीची आई म्हणाली, "आमच्या पोरीचं लग्न काही पुन्हा होत नाही." तिचेही खरेच आहे. अडीच हजार आले नाहीत, येणारही नाहीत. ते आम्ही खर्चाच्या बाजूला मांडले.

पण जूनमध्ये एका कामाला ती गेली, तेव्हा नवरीच्या घरी दोन दिवस आधी पोचली होती. पाच ब्रश धुऊन, वाळवून, फडक्यात गुंडाळलेले. नवरी सावळी होती. पापणीला तांबूस रंग लावला. पाठवणीला नवरी मनसोक्त रडली. रेघ जागची हलली नाही.

या महिन्याचा हप्ता वेळेवर आला आहे. पण आता मी तेवढ्यावर थांबत नाही. आधी म्हणते, "पेटी उघड बरं."