ओढणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज

अमेरिकेत जुन्या मोटारींचे शौकीन आणि हौशी शर्यतपटू आपली मोटार ट्रेलरवर चढवून पिकअप ट्रकमागे ओढून नेतात, आणि असा ट्रक घेताना ‘ॲव्हरेज किती देतो’ हा आपल्या ओळखीचाच प्रश्न तिथेही आधी विचारला जातो. उत्तरादाखल काचेवरचा जो सरकारी आकडा दाखवला जातो, तो मात्र रिकाम्या ट्रकचा असतो. ट्रेलर जोडल्यावर तो निम्म्यावर आला तरी नवल नाही.

याचे कारण केवळ वजन नव्हे. वजन चढावर आणि वेग घेताना इंधन खाते, पण सपाट महामार्गावर खरा खर्च हवेला मागे सारण्याचा असतो, आणि हवेचा हा अवरोध समोरच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे उघड्या ट्रेलरऐवजी उंच, बंदिस्त पेटीसारखा ट्रेलर जोडणाऱ्याने कोणताही ट्रक घेतला तरी पंपावरचे बिल फारसे हलत नाही.

इंजिनांचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. टर्बो पेट्रोल इंजिनात, म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने चालणाऱ्या पंख्याने जास्तीची हवा कोंबणाऱ्या इंजिनात, भार फार वाढला की भाग थंड राहावेत म्हणून गरजेपेक्षा अधिक पेट्रोल सोडले जाते. डिझेलला तशी गरज नसते. फोर्ड एफ-१५० च्या 2021 मध्ये आलेल्या हायब्रिड आवृत्तीचा सरकारी आकडा गॅलनला सुमारे 24 मैल, म्हणजे लिटरला दहा किलोमीटर आहे खरा, परंतु तिची बॅटरी जेमतेम दीड किलोवॅट-तासाची असल्याने लांबलचक घाटात तिचा आधार लवकर संपतो. शेव्हरोले सिल्व्हरॅडोचे तीन लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल सततच्या ओढीला अधिक मानवते. मात्र तिथे डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असते. त्यामुळे जो वर्षातून मोजक्याच शनिवारी-रविवारी ट्रेलर ओढतो आणि एरवी शहरात रिकामा हिंडतो, त्याने डिझेलचा हट्ट धरण्यात फारसे शहाणपण दिसत नाही.

जाहिरातीत मिरवली जाणारी पाच-सहा टनांची ओढक्षमताही अशीच फसवी ठरते. नऊशे किलोचा उघडा ट्रेलर आणि त्यावर सोळाशे किलोची मोटार धरली, तर अडीच टनांपैकी दहा ते पंधरा टक्के, म्हणजे अडीचशे ते पावणेचारशे किलो, ट्रकच्या हुकवर उभा भार म्हणून पडतात. यापेक्षा कमी ठेवल्यास ट्रेलर मागे झोके खाऊ लागतो. हा भार, माणसे आणि सामान मिळून चालकाच्या दाराच्या चौकटीवरील लेबलात छापलेल्या मर्यादेत बसावे लागते, आणि चामड्याच्या आसनांसारखी प्रत्येक चैन ही मर्यादा आणखी कमी करते. म्हणून काचेवरच्या आकड्याआधी दार उघडून हे लेबल वाचणे इष्ट.

वेगाचा हिशेब तर ट्रक घेऊन झाल्यावरही हाती राहतो: कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ताशी 55 मैलांची मर्यादा आहे, आणि 70 वरून तिथवर उतरताच हवेचा अवरोध सुमारे 38 टक्क्यांनी घटतो.